लाइट गेली, व्हीएम उठेना : व्हर्च्युअलायझेशनच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

मिरगाचा पाऊस लागला की चिपळूण-गुहागर पट्ट्यातून मला फोन यायला लागतात. "रात्रभर लाइट नव्हती. सकाळी सर्व्हर चालू केला, पण व्हीएम काही उठत नाही." व्हीएम म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने चालणारा आभासी संगणक; या पद्धतीलाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात एका पतसंस्थेत मी पोहोचेपर्यंत तिथल्या मुलाने स्वतःच उपाय करून टाकला होता. प्रॉक्समॉक्सने (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरच्या प्रणालीने) त्याला सांगितलं होतं : केव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने व्हीएम वेगात चालवणारा लिनक्सचा भाग) उपलब्ध नाही, एकतर व्हीएमच्या सेटिंगमध्ये ते बंद करा, नाहीतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करा. त्याने जवळचा मार्ग धरला आणि ऑप्शन्समधली 'केव्हीएम हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन'ची टिक काढली. व्हीएम उठली! पण पासबुकाची एक एंट्री पडायला इतका वेळ लागू लागला की काउंटरवरची रांग दाराबाहेर गेली.

सगळ्यांत महाग पडते ती हीच चूक, कारण काम झाल्यासारखं वाटतं. टिक काढली की व्हीएमच्या सूचना थेट प्रोसेसरवर चालत नाहीत. प्रॉक्समॉक्समधला क्यूईएमयू हा प्रोग्रॅम त्या सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून चालवतो आणि वेग पार बसतो. मग लोक रॅम वाढवतात, डिस्क बदलतात, विंडोज नव्याने टाकतात. दोष तिथे नसतोच. व्हीएम अचानक रांगायला लागली तर आधी ती टिक बघा.

मुळात बायोसमधली व्हर्च्युअलायझेशनची सेटिंग गेली कुठे? मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलकडे बघा, बहुधा सीआर२०३२ असतो. सर्व्हरला लाइट असते तोवर त्या सेलवर भार जवळपास नसतो. त्यामुळे तो संपलाय हे वर्षानुवर्षं कळत नाही. एका रात्री लाइट जाते, यूपीएसही दम तोडतो आणि बऱ्याच बोर्डांवर बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. त्या मूळ सेटिंगमध्ये अनेकदा व्हर्च्युअलायझेशन बंदच असतं. खूण सोपी आहे : बायोसमधली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागे गेली असेल तर चोर सापडला. घड्याळ लगेच दुरुस्त करा, कारण डोमेनच्या (ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामाईक) लॉगिनला साधारण ५ मिनिटांचाच फरक चालतो. त्यापुढे लॉगिन नाकारलं जातं.

बायोसमध्ये गेल्यावर लोक 'व्हर्च्युअलायझेशन' हा शब्द शोधत बसतात. इंटेलवर तो सापडतो (या सोयीचं इंटेलचं नाव व्हीटी-एक्स). एएमडीच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र 'एसव्हीएम मोड' असं लिहिलेलं असतं, तेही प्रोसेसरच्या किंवा ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेलं. आणि व्हीटी-डी चालू केलं म्हणजे व्हीटी-एक्स चालू झालं, असं समजू नका. व्हीटी-डी लागतं ते एखादं कार्ड थेट व्हीएमला द्यायचं असेल तेव्हा. व्हीएम नीट चालायला व्हीटी-एक्सच हवं.

सेव्ह करून नुसता रीस्टार्ट मारला तर काही बोर्डांवर बदल लागू होत नाही. सर्व्हर पूर्ण बंद करा, केबल काढा, मिनिटभर थांबा, मग चालू करा.

सेटिंग लागू झाली का हे तपासताना लिनक्सच्या प्रोसेसर-माहितीतल्या फक्त 'व्हीएमएक्स' (इंटेल) किंवा 'एसव्हीएम' (एएमडी) फ्लॅगवर, म्हणजे खुणेवर, विसंबू नका. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) बायोसमध्ये बंद असतानाही फ्लॅग दिसतो. 'डेव्ह' फोल्डरखाली 'केव्हीएम' नावाची फाइल आहे का, आणि बूटच्या लॉगमध्ये 'डिसेबल्ड बाय बायोस' आलंय का, हे बघा. त्याच होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ सर्व्हरवर) कोणी व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर चालवत असेल तर तोही आधी बंद करायला सांगा, केव्हीएम आणि त्याची व्हीटी-एक्सवरून झटापट होऊ शकते.

आणखी एक, कारण याने मी लोकांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय. बायोस मूळ सेटिंगवर गेला की डिस्कचा मोडही बदलू शकतो, मग होस्टच बूट होत नाही. लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप चालू होण्याची सेटिंगही जाते. आपल्याकडे पावसात रस्ता बंद झाला की बटण दाबायला कोण जाणार? म्हणून आज सगळं नीट चालू आहे तोवरच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि यूपीएसशेजारी छापून चिकटवा.

सेल मे महिन्यातच बदला, पण फोटो काढल्यावरच. जुना सेल काढला की उरलेल्या सेटिंगही जाऊ शकतात.