शेजारी अफगाण कुटुंब आलं, तर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला नव्यानं आलेली आपली मराठी मंडळी कधी कधी विचारतात, अफगाण कुटुंबांसाठी आम्ही काय करू शकतो? मी इथे बावीस वर्षं राहते, त्यातून कळलेलं सांगते.

इथल्या सेंटरव्हिल भागाला 'लिटल काबूल' म्हणतात. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर, १९८०च्या दशकापासून ही वस्ती वाढत गेली. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि पुन्हा कुटुंबं येऊ लागली. मशिदी, जुने अफगाण दुकानदार, पुनर्वसन संस्था हे सगळं आधीपासून आहे, त्यांना विचारूनच सुरुवात करा. एकच कुटुंब घ्या आणि वर्षभर सोडू नका. २०२५च्या सुरुवातीपर्यंत पुनर्वसन संस्थेची सुरुवातीची मदत साधारण तीन महिन्यांची असायची. खरी ओढाताण चौथ्या महिन्यापासून.

पहिल्या वेळी मी न विचारता सोफा नेला. दोन खोल्यांत सात माणसं. बैठक भिंतीलगतच्या तोशकांवर, आपल्या गादी-लोडांसारखी. रात्री मुलं तिथेच झोपायची. सोफ्यानं ती जागा अडवली आणि भिडेपोटी कुणी बोललं नाही. महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं, फार वाईट वाटलं. आता आधी विचारते. बहुतेक घरांना हवा असतो मोठा प्रेशर कुकर, सेला बासमती, वेलची. हे सगळं आपल्या नेहमीच्या भारतीय दुकानात मिळतं. मांस हलालच न्या, आणि जिलेटिनच्या गोळ्या मुलांना देऊ नका, जिलेटिन डुकराचं असू शकतं. चहा पुढे आला की घड्याळ बघू नका, बसा. त्यांनाही कुणाला तरी काही द्यायचं असतं.

अफगाणिस्तानातल्या दोन मुख्य भाषा दरी आणि पश्तो. त्यांतली दरी कानाला ओळखीची वाटते: बाजार, दरवाजा, हजार. पण जपून. एका ताईंना मी 'दवाखाना' म्हटलं, तर त्या औषधांची चिठ्ठी घेऊन निघाल्या. दरीत दवाखाना म्हणजे औषधांचं दुकान, रुग्णालय म्हणजे शफाखाना. 'हफ्ता' म्हणजे आठवडा, कर्जाचा हप्ता नव्हे. डॉक्टरकडे आपलं मोडकंतोडकं हिंदी-उर्दू चालवू नका. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषी मोफत द्यावा लागतो. दरी की पश्तो, ते आधी सांगा. आणि आईच्या दुखण्याबद्दल दहा वर्षांच्या मुलाला भाषांतर करायला लावू नका. हे मी पाहिलंय, त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

कागदपत्रांत दोन गोष्टी दिसतील. अनेकांना एकच नाव असतं, मग पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन), म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं छापून येतं. अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नेमका दिवस नोंदलेलाच नसतो. अफगाण सौर सनात ६२१ किंवा ६२२ मिळवले की आपलं वर्ष निघतं. फॉर्म भरताना सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. मात्र आश्रयाचा अर्ज, व्हिसा यांवर सल्ला देऊ नका. आपला एच-वन आणि ग्रीन कार्डाचा अनुभव तिथे लागू पडत नाही. त्यांना मान्यताप्राप्त वकिलाकडेच न्या.

गाडीतून नेताना लहान मुलांसाठी कार सीट लागतात. मोठं कुटुंब असेल तर दोन गाड्या काढा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मुलींच्या शाळेसाठी राखून ठेवा. तालिबाननं सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद केल्या. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची मुलगी दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर इथल्या हायस्कूलच्या दारात उभी असते. वयाप्रमाणे वर्ग मिळतो, पण मधला अभ्यास झालेलाच नसतो. प्रवेशाच्या दिवशी पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद सोबत घ्या, शाळेच्या समुपदेशकाला हा खंड स्पष्ट सांगा, इंग्रजीच्या जादा वर्गाची मागणी करा. त्या दिवशी ऑफिसातून सुट्टी काढून तिच्या आईबरोबर तुम्हीही जा.