डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही म्हणून कॅबिनेट उघडायच्या आधी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की घराघरांतून जुन्या डीव्हीड्या बाहेर निघतात. लग्नाच्या, मुंजीच्या, जत्रेला देवळासमोर झालेल्या नाटकाच्या. आणि मग फोन येतो, तुला कॉम्प्युटरातलं कळतं ना, येऊन बघ जरा, ट्रे उघडतो, दिवा लागतो, पण माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच नाही. अशा कामाला जाणार असाल तर तयारी घरूनच करून जा.

पहिली गोष्ट, आणि हीच मुख्य आहे: त्या मशीनच्या मदरबोर्डचं मॅन्युअल फोनवर उतरवून घ्या. आधीच त्यांना सांगा, कॅबिनेटची बाजूची पाटी काढून व्हॉट्सॲपवर बोर्डचा फोटो टाका, मॉडेल नंबर बोर्डवरच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तिथे गेल्यावर उतरवतो म्हणू नका, गोव्यात सत्तरी तालुक्यात आत कुठे घर असेल तर रेंज मिळेलच असं नाही. मॅन्युअल कशाला, तर ड्राइव्हची केबल बोर्डवरच्या कुठल्या पोर्टला, म्हणजे कुठल्या खाचेत, लावलीय ते बघायला. गेल्या खेपेला मी हेच बघितलं नव्हतं, केबल बदलली, विंडोज नव्याने टाकलं, आणि शेवटी एक धडधाकट ड्राइव्ह भंगारात गेला. म्हणून परत सांगतो, पोर्ट बघा.

कारण असं की बोर्डवरचे सगळे साटा पोर्ट (हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्हची चपटी बारीक केबल लागते ते) एकाच कंट्रोलरचे, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या एकाच चिपचे, असतात असं नाही. 2010 च्या आसपासच्या बऱ्याच बोर्डांवर काही पोर्ट बोर्डच्या मुख्य चिपचे (चिपसेटचे) आणि एकदोन पोर्ट वेगळ्या जादा चिपचे असायचे, रंगही वेगळा. हार्ड डिस्क साध्या एटीए कमांडवर चालते, पण सीडी-डीव्हीडी ड्राइव्हला कमांड पॅकेट करून पाठवाव्या लागतात, त्याला एटापी म्हणतात, आणि कंट्रोलरला ते पॅकेट पुढे पाठवता आलं पाहिजे. जादा चिपवाल्या काही पोर्टांना ते येत नाही. काही मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं असतं की हे पोर्ट फक्त डेटा डिस्कसाठी, एटापी चालणार नाही. सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डांचंही बरेचदा तेच. त्यामुळे त्याच केबलला त्याच पोर्टवर हार्ड डिस्क लावून बघितली, ती चालली, म्हणजे पोर्ट चांगला आणि ड्राइव्ह गेला, हा हिशोब साफ चुकीचा आहे. चांगल्या पोर्टलाही डीव्हीडी ड्राइव्ह वापरता येत नसेल. आणि ट्रे उघडतो, दिवा लागतो यावरही काही ठरवू नका, ट्रे उघडायला फक्त पॉवरची वायर लागते, डेटा केबल काढून टाकली तरी तो उघडतो.

नवीन मशीन असेल तरी पोर्टच बघा. कोणीतरी हल्ली एम.2 वाली एसएसडी (थेट बोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी पट्टीसारखी डिस्क) टाकून घेतली असेल आणि तेव्हापासून ड्राइव्ह गायब असेल तर बहुतेक उत्तर तिथेच आहे, बऱ्याच बोर्डांवर एम.2 स्लॉट भरला की एखाददुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. कुठला बंद होतो ते मॅन्युअलमध्ये एका ओळीत बारीक अक्षरात असतं, तेवढी ओळ शोधा. ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावला की काम झालं.

पिशवीत काय घ्यायचं: स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, एक चांगली साटा केबल, अडकलेल्या ट्रेसाठी सरळ केलेली पेपरक्लिप. स्क्रूंचं मात्र लक्षात ठेवा, डीव्हीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे असतात आणि हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे, अदलाबदल करून जोर लावला तर आटे जातात. कॅबिनेट उघडताना प्लग काढा, अंगावरची स्थिर वीज उतरवायला पत्र्याला हात लावा, हे काय सांगायला नको. चपटी रुंद रिबन केबल दिसली तर तो साटाच्या आधीचा जमाना, तिथे ड्राइव्हच्या मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी, ड्राइव्ह मास्टर की स्लेव्ह ते ठरवणारी) बघा, एकाच केबलवर दोघेही मास्टर केलेले असतील तर दोन्ही गायब होऊ शकतात.

आता बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा सेटिंगचा पडदा. आत शिरल्या शिरल्या काही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, खरंच काढा. माळ्यावर किंवा कोपऱ्यात पडून असलेल्या मशीनची आतली सीआर2032 बॅटरी उतरलेली असते, तारीख कुठल्यातरी जुन्या सालात गेलेली दिसली की समजायचं, आणि मग सेटिंग सगळी फॅक्टरीची झालेली असतात, त्यात साटाचा मोडही आला, म्हणजे पोर्ट कुठल्या पद्धतीने चालवायचे ते. म्हणून एक नवीन बॅटरी पिशवीत असू द्या, स्वस्त असते. मोड आयडीई, एएचसीआय की रेड ते बघा, पण उगाच बदलू नका. विंडोज 7 आयडीईवर टाकलेलं असेल आणि तुम्ही एएचसीआय केलंत तर 7बी हा एरर कोड दाखवणारा निळा पडदा येतो, आणि एक्सपीकडे तर एएचसीआयचा ड्रायव्हर स्वतःचा नसतोच. आलाच निळा पडदा तर घाबरू नका, मोड जसा होता तसा परत करा, फोटो त्यासाठीच काढायला सांगितलाय. ड्राइव्ह जादा चिपच्या पोर्टवर असेल तर बायोसच्या मुख्य यादीत तो दिसेलच असंही नाही, म्हणजे परत पोर्टच.

लिनक्सचा लाईव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे काही इन्स्टॉल न करता ज्यावरून मशीन चालू होतं तो, जरूर न्या. यादीतली दुसरी मोलाची वस्तू ही. त्यावरून मशीन चालू करा आणि एसआर0 नावाचं उपकरण दिसतंय का बघा, लिनक्समध्ये डीव्हीडी ड्राइव्हचं नाव ते. दिसलं आणि डिस्क वाचली तर ड्राइव्ह ठीक, केबल ठीक, पोर्ट ठीक, गडबड विंडोजमध्ये आहे. अशावेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि कोड 19 किंवा 39 असेल तर जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने मागे ठेवलेले अपर फिल्टर्स, लोअर फिल्टर्स या नोंदी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून) काढायच्या, आधी त्या कीचा बॅकअप घेऊन. दिसलंच नाही तर विंडोजच्या मागे लागू नका, पोर्ट बदला.

तपासायला स्वतःची डिस्क न्या, एक छापील सीडी आणि एक छापील डीव्हीडी. दोन्ही हव्यात, कारण सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा 650 चा, एक गेला तरी दुसरा चालू राहतो. त्यांची लग्नाची डिस्क पहिल्यांदा घालू नका, ती एकच असते. आपल्याकडे पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते, पांढरट ठिपके, ती मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. सीडीची लेबलची बाजू जास्त नाजूक, डेटाचा थर तिथेच वार्निशच्या खाली असतो, स्टिकर ओढून काढू नका.

यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर न्या, काम अडणार नाही. पण आतला मोठा ड्राइव्ह काढून हार्ड डिस्कच्या यूएसबी केबलला लावून बघतो म्हणाल तर त्याला 5 व्होल्टबरोबर 12 व्होल्टही लागतात, लहान अडॅप्टर ते देत नाही, आणि दिले तरी त्यातली चिप एटापी पुढे पाठवेल की नाही हा प्रश्न आहेच. इथेही गोष्ट कंट्रोलरचीच.

ड्राइव्ह चालला की लगेच कॉपी करायला घ्या, उद्या करू नका. पूर्ण डिस्कची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) करा, वाचताना अडकत असेल तर लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचायचा प्रोग्राम वापरा, कॉपी दोन ठिकाणी ठेवा, फाइलला नाटकाचं नाव, गाव, साल. डिस्क परत पाकिटात, ज्याची त्याला.