‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी: फोनच्या बाबतीत या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात टफन ग्लासच्या खालोखाल मागणी असते ती एकाच गोष्टीला: “भावा, फोनात व्हायरस आलाय, फॉरमॅट मारून दे.” माझं उत्तर हल्ली ठरलंय. “मारतो की, पण आधी सिम काढा.”

लग्नसराईत करवीर तालुक्यातले एक काका आले. उसाचं बिल जमा झालं त्याच आठवड्यात खात्यातून दोनदा पैसे गेले होते, आणि कुणाला ओटीपी सांगितला नाही म्हणत होते. खोटं बोलत नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, ती उघडली, एवढंच. “पाव्हण्याच्याच नंबरवरनं आली की!” नंबर खरंच पाव्हण्याचा होता. त्याचा फोन आदल्या दिवशीच असाच चोरांच्या ताब्यात गेला होता आणि आता यादीतल्या सगळ्यांना पत्रिका वाटत सुटला होता.

पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, फार तर व्हिडिओ असतो. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे. मग वर ई-चलन लिहिलेलं असो, पीएम किसान असो की बँकेचं केवायसी. अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घालायचं का, असं फोन एकदा विचारतो. आपण जेवणाच्या ताटावर बसून ‘होय’ दाबतो. मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कधी अ‍ॅक्सेसिबिलिटीची. पहिली दिली की ओटीपी थेट चोराकडे जातो. दुसरी दिली की पडद्यावर काय चाललंय ते त्याला दिसतं आणि आपल्या नावानं बटणंही दाबता येतात. चिन्ह मात्र लपून बसतं, म्हणून सगळे सांगतात, “उघडलंच नाही काही.”

महाग पडतो तो नंतरचा तास

फाईल कुणाच्याही हातून उघडते, माझ्या घरातही उघडली आहे. पण त्यानंतरच्या तासात लोक भाच्याला विचारतात, दुकानं फिरतात, नाहीतर गूगलवर बँकेचा कस्टमर केअर शोधून चोरानंच टाकलेला नंबर लावतात.

सिम काढून साध्या बटणाच्या फोनात घाला, म्हणजे ओटीपी त्या अ‍ॅपला मिळायचा थांबतो. बिघडलेल्या फोनचं वायफाय बंद करा. बटणाच्या फोनवरून आधी १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, पुढे पुढे पळवले जातात. ते वाटेत अडवायचे तर अर्धा ताससुद्धा मोठा असतो. मग बँक, आणि नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा. चोरानं आपले कॉल स्वतःच्या नंबरवर वळवलेले असू शकतात, म्हणून नंतर ##००२# लावून हे कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. ते फोनात नसतं, नेटवर्कवर असतं, त्यामुळे फोन बदलून किंवा फॉरमॅट मारून जात नाही.

बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ठरवून दिलं की निष्काळजीपणा ग्राहकाचा असला, तरी कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं, आणि सहकारी बँकेत खातं नाही असं घर आपल्याकडं शोधावंच लागेल. पैसे गेल्यावर “उद्या शाखेत जाऊन बघतो” म्हणणं म्हणूनच परवडत नाही.

एवढं झालं की फाईलचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, आलेले मेसेज यांचे दुसऱ्या फोननं फोटो काढा. फॉरमॅट मारला की पुरावा गेला. अ‍ॅप काढायला गेल्यावर बटण फिकट दिसत असेल, तर त्यानं डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क घेतलेला असतो. सेटिंगमध्ये तो काढा, नाही जमलं तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथं बाहेरून घातलेली अ‍ॅप चालत नाहीत.

जो व्हायरस नसतोच

फोन तापतोय, बॅटरी उतरतेय? तीन-चार वर्षांचा फोन असेल तर आधी बॅटरीवर संशय घ्या. “तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला, लगेच साफ करा” असं वर येत राहतं, तीसुद्धा बहुतेक वेळा जाहिरात असते. कुठल्यातरी साइटवर आपण ‘अलाउ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की शांतता. यासाठी लोक ‘क्लीनर’ अ‍ॅप घालतात आणि जाहिराती दुप्पट करून घेतात.

चपलांच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाला गिऱ्हाइकानं क्यूआर कोड पाठवला, “स्कॅन करा, ॲडव्हान्स जमा होईल.” पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो. एवढं डोक्यात असतं तर त्याचा माल आणि पैसे दोन्ही घरात राहिले असते. वीज रात्री साडेनऊला तोडणार हा मेसेज दहा आकडी नंबरवरून आला तर सरळ सोडून द्या. बँकेची साइट म्हणून लिंक आली तर पत्त्याचा शेवट बघा: ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. आयफोनवाल्यांना एपीकेचं भय नाही, पण अशी लिंक त्यांनाही तेवढीच फसवते.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ महिन्यातून एकदा उघडा. ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर तिथंच लॉग आउट. टू-स्टेप पिन आपण आधीच लावून ठेवावा. खातं हातात घेऊन चोरानं लावला, तर ते परत मिळवायला सात दिवस थांबावं लागतं.

आमच्या धंद्याच्याही चुका सांगतो. गिऱ्हाईक पॅटर्न कागदावर काढून देतं आणि तो कागद दिवसभर काउंटरवर पडून असतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, त्यात दुरुस्ती करणाऱ्याला आपले फोटो-मेसेज दिसत नाहीत. तो लावून फोन द्या. मागितलात तर मला राग येणार नाही. आणि हो, पूर्वी मीही लोकांना जीबी व्हॉट्सअ‍ॅप टाकून दिलंय, म्हणजे त्याची बाहेर कुणीतरी केलेली नक्कल. प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप घालायची सवय गिऱ्हाइकाला आम्हीच लावली.

काकांनी माझ्याकडे यायच्या आधीच दुसऱ्या दुकानात फॉरमॅट मारून घेतला होता. चार दिवसांनी तेच अ‍ॅप परत. मेमरी कार्ड काढायचं राहून गेलं होतं आणि पत्रिका त्यात तशीच पडून होती. या वेळी ती नातवानं उघडली.