हृदय ओळखताना आणि जपताना या चुका टाळा

मुलांनो, हृदय कुठे असतं म्हणून विचारलं की हात थेट डाव्या बाजूला जातो. खरं तर ते छातीच्या मधोमध, दोन फुप्फुसांच्या मध्ये असतं. टोक तेवढं डावीकडे कललेलं, म्हणून ठोका तिथे जास्त जाणवतो.

नाडी बघताना अंगठा लावू नका. अंगठ्याचीच नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. पहिली दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला अलगद टेकवा. सापडत नसेल तर बहुधा तुम्ही जास्त दाबताय. जोर कमी करा. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. शांत बसलेल्या शाळकरी मुलाचे ठोके मिनिटाला साधारण 70 ते 100 असतात. आता घराजवळची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, भराभर चढून या आणि पुन्हा मोजा. आकडा बराच वाढलेला असेल. पायांच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा असतो, म्हणून हृदय घाई करतं. हे बघून मुलाला "पळू नकोस, बस गप्प" म्हणणं ही मोठ्यांची चूक. रोज तासभर तरी पळापळ, लगोरी, खोखो हवंच.

पुस्तकातल्या चित्रात निम्मं हृदय निळं असतं, पण निळं रक्त कुणाच्याच अंगात नसतं. ऑक्सिजन कमी झालेलं रक्त गडद लाल असतं. ते उजव्या बाजूला येतं, फुप्फुसांत जातं, ताजं होऊन डाव्या बाजूला परततं आणि तिथून अंगभर जातं. म्हणून डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड असते. घरी बांगडे साफ करत असतील तर शेजारी बसा. कल्ल्यांच्या लगेच मागे, खालच्या बाजूला, छोटं गडद लाल हृदय दिसेल. त्याला मुख्य कप्पे दोनच, आपल्याला चार.

ताजा बांगडा, तारली हृदयाला चांगलीच. पण पावसाळ्यात खारा बांगडा, वर पापड आणि लोणचं असं एकाच ताटात आलं की मीठ फार होतं, आणि जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. खारा मासा पाण्यात भिजवून, धुऊन घ्या आणि त्या दिवशी आमटीत मीठ हात राखून घाला.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच, आणि हे आईबाबांना वाचून दाखवा. घसा दुखतोय, ताप आहे, तरी "कैरी खाल्ली असेल" म्हणून गुळण्यांवर भागवणं. बहुतेक वेळा घसा आपोआप बरा होतो. पण स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे दुखत असेल आणि नीट औषध मिळालं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो. आज गुडघा, उद्या घोटा सुजतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. 5 ते 15 या वयात हा धोका जास्त. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका.

खेळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, सवंगड्यांच्या मानाने फार लवकर धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी शाळा बुडवू नका. हृदयाचा दोष आढळला तर पुढच्या मोफत उपचारांची सोय याच कार्यक्रमातून होते.