जुना लॅपटॉप रखडतोय? आधी हार्ड डिस्क बदला

सात-आठ वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घेत असेल, तर नवा घ्यायच्या आधी टास्क मॅनेजर (विंडोजमध्ये कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडून बघा. नुसता उघडा ठेवलेला असतानाही ‘डिस्क’चा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला दिसला, तर दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो, फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी २.५ इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. माझ्या मते जुन्या मशीनवर पैसे घालायचेच तर पहिले इथेच, रॅम नंतर.

आधी बॅकअप घ्या. मग यूएसबी-साटा केबलने एसएसडी बाहेरून जोडून जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करा (जशीच्या तशी नक्कल), म्हणजे विंडोज पुन्हा टाकावं लागत नाही. त्यानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. म्हणून कागदावर तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. जुनी डिस्क आडवी सरकवून काढा, वर उचकटू नका. कनेक्टर तिथेच मोडतो. तिची पत्र्याची चौकट नव्या एसएसडीला लावायला विसरू नका.

रॅम घेताना जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा. ‘पीसी३एल’ म्हणजे १.३५ व्होल्ट, १.५ व्होल्टची साधी पीसी३ पट्टी अशा अनेक लॅपटॉपमध्ये चालत नाही.

काढलेली डिस्क महिनाभर तरी आतला डेटा न पुसता ठेवा.