बोटुकली घेताना आधी तिचं कूळ विचारा

खिलार कालवड आपण तिच्याच बापाकडे नेत नाही, वळू बाहेरचा बघतो. पण पाऊस झाला, शेततळं भरलं, की मत्स्यबीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं (बोटुकली), घेताना एकच विचारतो: हजाराला काय भाव?

सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबासाठी खोदलेल्या तळ्यांत आता अनेक जण रोहू-कटला सोडतात. वर्षभर खाद्य घालूनही मासा भरत नाही, तेव्हा दोष पाण्याला दिला जातो. बऱ्याचदा खोट बीजात असते. बीज केंद्रावर दोनच नर आणि वीस माद्या असतील, तर सगळ्या पिल्लांचे बाप दोनच, म्हणून आनुवंशिक हिशेबानं तो साठा जेमतेम सात माशांचा ठरतो. एका पिढीत नात्यातलं रक्त सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. पंचवीस नर, पंचवीस माद्या असतील तर तीच वाढ १ टक्का. नात्यातल्या रक्तानं वाढ मंदावते, अंडी कमी फळतात, मर वाढते.

याचं उत्तर समुद्राच्या माशानं दाखवलं. नॉर्वेनं १९७०च्या दशकात अनेक नद्यांतून सॅमन गोळा केला आणि पिढीमागून पिढी चांगली कुटुंबं निवडली. मोहोळला गावरान ज्वारीतून निवडत मालदांडी ३५-१ काढली, त्याच प्रकारचं हे काम. पुढे १९९२ पासून भुवनेश्वरच्या 'सीफा' या गोड्या पाण्यातल्या माशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं नॉर्वेच्या तज्ज्ञांसोबत गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतला रोहू एकत्र केला. त्यातून 'जयंती' रोहू आला; दर पिढीला वाढीत सरासरी १७ टक्के भर पडली. पाच नद्यांचं रक्त होतं, म्हणून निवडायला वाव मिळाला.

तेव्हा केंद्रावर विचारा: प्रजनक (अंडी घेण्यासाठी ठेवलेले नर-माद्या) कुठून आणले, शेवटचे कधी बदलले, नर किती आहेत? रोहू आणि कटला एकाच टाकीत सोडून अंडी घेतात का, हेही विचारा. तसं झालं की संकर होतो आणि बोटाएवढ्या पिल्लात तो डोळ्यांनी ओळखू येत नाही. कुणी 'जयंती' म्हणून विकत असेल तर प्रजनक कुठून घेतले त्याचा कागद बघा. नुसत्या शब्दावर जादा पैसे देऊ नका.

मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी कोवळी पिल्लं, स्वस्त पडतात, पण शेततळ्यात बोटुकलीच घ्या. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला साडेचारशे पुरेत. पिशव्या सकाळी लवकर आणा, १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तळ्यातलं थोडं थोडं पाणी आत घेऊन पिल्लं सोडा.

उरलेली बोटुकली ओढ्यात मात्र टाकू नका. नॉर्वेत पिंजऱ्यांतून निसटलेला पाळीव सॅमन नद्यांतल्या रानटी सॅमनशी मिसळला आणि मूळ वाण बिघडत गेलं. आपला ओढा भीमेला मिळतो, काहींचा थेट उजनीला. उरलेली पिल्लं शेजाऱ्याच्या तळ्याला द्या, आणि सांडव्याच्या पाइपला बारीक जाळी पाऊस जोर धरण्याआधीच बांधा.