परिषदेचे वेळापत्रक चहा-जेवणापासून आखावे

व्यावसायिक संघटनेची परिषद ठरली की वेळापत्रकाचे काम बहुधा समितीतील सर्वांत नव्या सदस्याकडे येते, कारण ते नुसते रकाने भरण्याचे काम आहे असा समज असतो. नाशिकमध्ये अभियंते, द्राक्षशेतीचे सल्लागार आणि डॉक्टर अशा निरनिराळ्या मंडळींच्या परिषदांसाठी हे काम अनेक वर्षे केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की आधी प्रवास, चहा आणि जेवण यांच्या वेळा मांडाव्यात आणि मग उरलेल्या वेळेत जेवढी सत्रे मोकळेपणाने बसतील तेवढीच घ्यावीत. सत्रे आधी भरली तर विश्रांतीच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो आणि परिषदेच्या दिवशी पहिला उशीर होताच तोही कापला जातो.

प्रवासाचा विचार नाशिकमध्ये विशेष करावा लागतो. मुंबईहून सकाळी सव्वासहाच्या सुमारास निघणारी तपोवन एक्स्प्रेस साडेनऊ-पावणेदहाला नाशिकरोडला येते आणि तिथून गंगापूर रोड किंवा सातपूर गाठायला आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. पुण्याहून सिन्नरमार्गे मोटारीने येणाऱ्यांना चार-पाच तास धरावे लागतात. त्यामुळे ज्या परिषदेला बाहेरगावचे लोक त्याच दिवशी येणार आहेत, तिचे मुख्य भाषण सकाळी नऊला ठेवू नये. परतीची तपोवन नाशिकरोडहून सायंकाळी सहाच्या सुमारास असते, म्हणून समारोप पाचपर्यंत संपला नाही तर शेवटच्या वक्त्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. गाड्यांच्या वेळा बदलत असल्याने पत्रिका छापण्यापूर्वी त्या दरवेळी पडताळाव्यात.

उद्घाटनाला मी अर्धा तास देतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचे मनोगत यांतील प्रत्येक गोष्टीपुढे मिनिटे लिहून ती सूत्रसंचालकाला आधीच द्यावीत. सत्कारांची यादी शेवटच्या आठवड्यात वाढत जाते. वाढलेले सत्कार समारोपाकडे वळवावेत, कारण सकाळी गेलेली वीस मिनिटे पुढच्या प्रत्येक सत्राला भोगावी लागतात.

सत्राची लांबी ठरवताना वक्त्याला किती बोलायचे आहे यापेक्षा श्रोत्यांना किती विचारायचे आहे, हे पाहावे. चाळीस मिनिटांच्या सत्रात मी पंचवीस मिनिटे भाषणाला, दहा प्रश्नांना आणि पाच वक्ता बदलणे, लॅपटॉप जोडणे, माइक लावणे यांना देतो. ही शेवटची पाच मिनिटे पत्रिकेत कोणी लिहीत नाही, पण ती खर्च होतातच. टेडच्या मंचावर भाषणाची कमाल मर्यादा अठरा मिनिटांची असते, हे सांगितले की पाऊण तास मागणारे वक्ते बऱ्याचदा पंचवीस मिनिटांना तयार होतात. द्राक्षशेतीच्या परिषदेत मात्र हे प्रमाण उलटवावे लागते. प्रत्येक बागेची जमीन, पाणी, वाण आणि छाटणीची तारीख वेगळी असल्यामुळे सल्लागारांना आपापल्या बागांबद्दल नेमके विचारायचे असते आणि तिथे वीस मिनिटांच्या भाषणाला पंचवीस मिनिटांची प्रश्नोत्तरे जोडली तरी ती कमीच पडतात. डॉक्टरांच्या परिषदेत आणखी एक बंधन येते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट गुण लागतात आणि उपस्थितांना ते शैक्षणिक सत्रांच्या तासांवर मिळतात, म्हणून त्या तासांची बेरीज आधी करून मगच सत्रे पाडावीत.

विश्रांती किती असावी, हे अंदाजाने न ठरवता रांगेच्या हिशेबाने ठरवावे. समजा, दोनशे जण जेवायला आहेत आणि ताट वाढून घ्यायला प्रत्येकी वीस सेकंद लागतात, तर एका रांगेतून मिनिटाला तीनच जण पुढे सरकतील आणि शेवटच्या माणसाला ताट मिळायला तासाहून अधिक वेळ लागेल. तेच दोन टेबले मांडून दोन्ही बाजूंनी वाढण्याची सोय केली तर चार रांगा होतात आणि सुमारे सतरा मिनिटांत सगळे वाढून घेतात. एवढे जमले तरच जेवणाला एक तास पुरतो. म्हणून केटररला पदार्थांबरोबरच रांगा किती लागतील, हेही विचारावे. एकादशी किंवा चतुर्थी असेल तर उपवासाचे टेबल वेगळे ठेवावे, नाहीतर साबुदाण्याच्या खिचडीची चौकशी करण्यातच रांग अडून राहते. चहासाठी वीस ते पंचवीस मिनिटे द्यावीत, कारण पंधरा मिनिटे चहा घेण्यात आणि स्वच्छतागृहात जाण्यातच संपतात आणि ज्या ओळखींसाठी माणसे एवढा प्रवास करून आलेली असतात, त्यांना वेळच उरत नाही.

जेवणानंतरचे पहिले सत्र कधीही दिवे मालवून स्लाइड दाखवण्याचे ठेवू नये. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराची सतर्कता स्वाभाविकपणेच उतरते. त्या वेळी गटकार्य, प्रात्यक्षिक किंवा उभ्याने करायची चर्चा घ्यावी. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील अभियंते बहुसंख्येने असतील तर दुपारचा चहा साडेतीनला ठेवावा. बऱ्याच कारखान्यांत तीन-साडेतीनच्या सुमारास पाळी बदलते, त्या वेळी त्यांचे फोन वाजू लागतात आणि सत्र चालू असले तरी ते उठून बाहेर जातात.

या सगळ्यातून माझा नेहमीचा एक दिवस असा उतरतो: साडेनऊपासून नोंदणी आणि चहा, सव्वादहाला उद्घाटन, पावणेअकराला चाळीस मिनिटांचे बीजभाषण, मग पंचवीस मिनिटांचा चहा, ११.५० ते १.१० या वेळेत प्रत्येकी चाळीस मिनिटांची दोन सत्रे, एक तास जेवण, २.१० ते ३.३० गटकार्य, वीस मिनिटांचा चहा, ४.४५ पर्यंत परिसंवाद आणि पाचपर्यंत समारोप. यात भाषणे कमी पडतात, अशी तक्रार समितीत होतेच. वक्ते जास्तच असतील तर दोन सभागृहांत समांतर सत्रे घ्यावीत, मात्र ती दोन्हीकडे एकाच मिनिटाला सुरू होऊन एकाच मिनिटाला संपतील असे पाहावे, नाहीतर लोक अर्ध्या सत्रात दारे उघडत राहतात.

हे सर्व पाळले जाणे सत्राध्यक्षांवर अवलंबून असते. त्यांना आदल्या दिवशी फोन करून नम्रपणे पण स्पष्ट सांगावे की उशीर झाला तर तो भाषणातून वजा होईल, चहातून होणार नाही. पहिल्या रांगेत एका स्वयंसेवकाकडे पाच आणि दोन मिनिटांचे फलक द्यावेत. त्याच स्वयंसेवकाकडून छापील पत्रिकेवर प्रत्येक सत्राची प्रत्यक्ष सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहून घ्यावी. पुढच्या वर्षी उद्घाटनाला अर्धा तास पुरेल की नाही, हा वाद समितीत निघाला की तो कागद टेबलावर ठेवता येतो.